आठ दिवसांची रजा

‘विद्यार्थी’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. पाठीवर दप्तर, हातात वह्या आणि घरी परतल्यावर आईने झाकून ठेवलेले ताट. पोटाची चिंता वडिलांनी वाहावी आणि पुस्तकांची मुलाने, अशी ही वाटणी. परंतु महाराष्ट्रात विद्यार्थ्यांचा दुसराही एक वर्ग पूर्वापार आहे. तो दिवसा राबतो आणि उरलेल्या वेळात शिकतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, ती त्याच्यासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली, तीही त्याच्यासाठीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि ही वाट आणखी रुंद झाली.

आम्ही स्वतः या वर्गातले नव्हे. सेमिनरीत आमच्या अभ्यासाची वेळ घंटेने ठरत असे. जेवणही घंटेनेच आणि आयते मिळे. त्यामुळे कमावत्या विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. ते आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाकडून कळले. त्याचे नाव येथे देत नाही. ते त्याला रुचणार नाही.

वसईच्या एका वाडीतला हा मुलगा. वडील फुलांची आणि केळीची शेती करतात. बारावीनंतर याने अंधेरीच्या एका लहानशा कंपनीत काम धरले. इतरांचे संगणक बिघडले की ते दुरुस्त करून द्यावयाचे, हे ते काम. त्याच वर्षी त्याने मुक्त विद्यापीठात पदवीसाठी नाव नोंदवले. पहाटे पाचला उठणे, सातच्या आत वसई रोड स्थानक गाठणे, विरारहून भरून आलेल्या गाडीत कसेबसे पाय टेकवणे, संध्याकाळी तोच प्रवास उलट दिशेने, रात्री जेवण उरकून साडेनऊ ते साडेबारा अभ्यास. रविवारी मिस्सा झाली की अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र. गाडीत बसायला जागा मिळाली तर तो वाचतो, उभे राहावे लागले तर कानात तार घालून व्याख्यान ऐकतो. त्याच्या साडेचार तासांच्या झोपेचे आम्हांला कौतुक करवत नाही. तरुणपणी उसनी घेतलेली झोप शरीर पुढे व्याजासह वसूल करते, हे आम्ही त्याला अनेकदा बजावले आहे.

या रगाड्यात त्याचा एक आनंद आहे आणि तो म्हणजे संगणक. लॅमिंग्टन रोडवरून त्याने एक जुना लॅपटॉप स्वस्तात आणला. दुकानदारानेही त्याची आशा सोडली होती. याने त्यावर ‘डेबियन’ नावाची प्रणाली चढवली आणि ते यंत्र पुन्हा चालू लागले. त्या दिवशी तो पाद्र्यांच्या बंगल्यावर तो लॅपटॉप घेऊन आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, मेलेले रोप पालवलेले पाहणाऱ्या माळ्याचा हर्ष होता.

डेबियन म्हणजे काय, हे त्यानेच आम्हांला समजावले. संगणकाचे यंत्र चालवणारी जी मूळ प्रणाली असते, तशी ही एक. ती कोणीही फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी आणि दुसऱ्याला द्यावी. तिचा गाभा असलेले ‘लिनक्स’ १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स याने हेलसिंकीला शिकत असताना सुरू केले. १९९३ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या इयान मरडॉक याने डेबियनचा पाया घातला. तोही त्या वेळी विद्यार्थीच होता. आज जगभरातील स्वयंसेवक हे काम चालवतात आणि त्यांतील बहुतेक जण आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ते करतात. आमचा हा तरुण त्यात मराठी तपासतो. संगणक वापरणाऱ्याला पडद्यावर ज्या सूचना दिसतात, त्या मराठीत नीट उतरल्या आहेत की नाहीत, एवढेच त्याचे काम. एका शब्दावर तो तीन-तीन रात्री घालवतो. एकदा आमच्याकडचा जुना शब्दकोशही घेऊन गेला.

२०२३ साली या मंडळींची वार्षिक परिषद ‘डेबकॉन्फ’ भारतात प्रथमच भरावयाची होती. स्थळ केरळातील कोची, तारखा १० ते १७ सप्टेंबर. याने अर्ज केला आणि राहण्याजेवणाच्या खर्चाची मदत त्याला मंजूर झाली. उरला प्रवासखर्च आणि आठ दिवसांची बिनपगारी रजा. शिवाय त्यात दोन रविवारची संपर्कसत्रे बुडणार होती आणि मागच्या परीक्षेतले दोन विषय अजून राहिले होते.

त्याचे वडील आमच्याकडे आले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. म्हणाले, “फादर, तुम्हीच त्याला समजवा. मी विचारलं, तिथं पगार मिळतो का? तर नाही. सर्टिफिकेट? तेही नाही. नोकरी? तर म्हणतो सांगता येत नाही. मग जायचं कशाला? भाषणं तर म्हणे सगळी घरबसल्या फुकट दिसतात!”

प्रश्न रास्त होता. आठ दिवसांचा पगार म्हणजे त्या घरात एका महिन्याचा किराणा. आम्ही मुलालाही बोलावून घेतले आणि वडिलांचा शेवटचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवला. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, गेली दोन वर्षं मी रात्री एकटाच बसतो. काम करताना माझी चूक कोणी दाखवली तर पडद्यावर दोन ओळी येतात. तो माणूस मला कधी दिसलेला नाही. आणि बाबा, आपल्या आळीत लग्नाचा मांडव घालायला सगळे जमतात, तेव्हा तुम्हाला तरी कोण पगार देतो?”

वडील हसले नाहीत, पण उठताना त्यांनी विचारले, “गाडी कुठून सुटते?” आईने त्याच्या पिशवीत सुकेळ्यांच्या दोन जुड्या घातल्या.

वसई रोडहून कोकण रेल्वेच्या मार्गाने तो एर्नाकुलमला गेला. परतल्यावर त्याने सांगितलेली हकिकत आम्ही दोन संध्याकाळी ऐकली. ३५ देशांतील चारशे सत्तरांहून अधिक माणसे तेथे जमली होती. व्याख्याने झाली, चर्चा झाल्या. परंतु त्याच्या बोलण्यात सभागृहापेक्षा बाहेरची ओसरीच अधिक होती. व्याख्यानांचे चित्रण स्वयंसेवकच करतात. यानेही चार सत्रे कॅमेरा धरला. एका संध्याकाळी प्रत्येकाने आपापल्या मुलखातला खाऊ मांडावयाचा, अशी तेथे प्रथा आहे. परदेशी चीजच्या शेजारी वसईची सुकेळी बसली आणि लवकर संपलीही.

आम्हांला सर्वांत विचारात पाडले ते त्याने सांगितलेल्या ‘किल्ल्यांच्या’ रिवाजाने. या मंडळींपैकी प्रत्येकाची संगणकावर एक गुप्त किल्ली असते आणि त्याने केलेल्या कामावर तिचीच सही होते. परंतु ही किल्ली खरोखर त्याच माणसाची आहे, हे ठरवायचे कसे? त्यासाठी ते समोरासमोर भेटतात, एकमेकांची ओळखपत्रे पाहतात, किल्लीच्या खुणेचे आकडे ताडून पाहतात आणि मगच एकमेकांसाठी साक्ष देतात. साऱ्या जगाचे व्यवहार घरबसल्या करून देणारी ही तंत्रविद्या. पण तिलादेखील विश्वासाचा प्रश्न आला की दोन माणसांनी एकमेकांसमोर उभे राहावे लागते. वडिलांच्या प्रश्नाचे आमच्या मते हेच उत्तर होते.

आणि तो अनोळखी माणूस? तो चौथ्या दिवशी सकाळी पुट्टू आणि कडला करी खाताना शेजारीच बसलेला निघाला. तोही दिवसा नोकरी करतो आणि रात्री हे काम. “माझ्या चुका मोजत होतात ना?” असे याने विचारले, तर तो म्हणाला, चुका मोजल्या नाहीत, कारण त्या वयात त्याच्या स्वतःच्या याहून जास्त होत्या.

या प्रवासाने त्याचे दिवस पालटले असे कोणी समजू नये. नोकरी तीच आहे, गाडीही तीच. राहिलेल्या दोन विषयांपैकी एक सुटला, दुसऱ्यासाठी पुन्हा बसावे लागले. २०२४ ची परिषद दक्षिण कोरियात बुसानला झाली, २०२५ ची फ्रान्समध्ये ब्रेस्टला. दोन्ही त्याने मोबाइलवर, विरार लोकलमध्ये उभ्याने पाहिल्या. मात्र महिन्यातून एका रविवारी दुपारी तो चर्चच्या सभागृहात येतो. लोकांनी टाकून दिलेले संगणक तेथे दुरुस्त होतात आणि शाळेची सहा-सात मुले त्याच्याभोवती कोंडाळे करून बसतात. मागच्या खेपेला त्यांत दोन मुली होत्या आणि प्रश्न त्याच अधिक विचारीत होत्या.

वाचकहो, आपल्याही घरात असा एखादा कमावता विद्यार्थी वा विद्यार्थिनी असेल. तिच्या पगाराचा हिशेब आपण ठेवतो, गुणपत्रिकेचाही ठेवतो. या दोन्ही वह्यांत न बसणारी एखादी गोष्ट तिने मागितली, चार दिवसांचे शिबिर, एखादी परिषद, दुसऱ्या गावचा प्रवास, तर ‘मिळणार काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. घर चालवणाऱ्याला तो विचारावाच लागतो. परंतु उत्तर पुरते ऐकून घ्यावे. आणि होकार देणे खरोखरच शक्य नसेल, तर निदान रात्री साडेनऊनंतर टीव्हीचा आवाज थोडा कमी करावा. शेजारच्या खोलीत कोणीतरी शिकत असते.