कपाटातली बाटली आणि आईची ट्रॉली

परवा सुतार ट्रॉली घेऊन आला. चाकं नवी घातली होती, स्टीलच्या दांड्या घासून लख्ख केल्या होत्या. सनमायका मात्र जुनाच होता, फिकट पिवळा, कोपऱ्यात गरम किटली टेकल्याचा अर्धगोल डाग असलेला. "ताई, वरचा पत्रा बदलून टाकू का?" असं त्याने दोनदा विचारलं होतं. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. ही आईची चहाची ट्रॉली. मोठ्या बहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा कांदेपोहे हिच्यावरूनच बैठकीत गेले. हळदीकुंकू असो, गणपतीतले पाहुणे असोत, बाबांचे साहेब सपत्नीक येवोत, स्वयंपाकघराच्या दारातून हिच्या चाकांचा खडखडाट आला की आम्ही पोरं आपोआप सरळ बसायचो.

आज तिच्या वरच्या फळीवर रम, व्हिस्की, जिन आणि फेणी उभी आहे, खालच्या फळीवर ग्लास. तिच्याकडे बघताना मला सारखी आठवण येते ती बाबांच्या बाटलीची.

पुण्याच्या आमच्या घरात बाटली होती, पण तिला बसायला जागा नव्हती. ती गोदरेजच्या कपाटात सगळ्यात खालच्या खणात, दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेली असे. बहुतेक वेळा रम. मामा फौजेत होता, तो सुट्टीवर आला की ती बाहेर निघे, एरवी महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शनिवारी. खोलीचं दार लोटलेलं, खिडकीचा पडदा ओढलेला, ग्लास स्टीलचे. कुणी अचानक आलंच तर आत काय आहे ते दिसू नये म्हणून स्टीलचे.

ही लपवाछपवी उगाच नव्हती. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा 1949 चा, आणि 1950 पासून राज्यभर पूर्ण बंदी. साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती सैल झाली, पण परवाना राहिला. बाबांकडेही तो होता. एकदा दिवाळी अंक काढताना तो माझ्या हाती लागला. आरोग्य राखण्यासाठी मद्य बाळगायला परवानगी, अशा अर्थाचं त्यात छापलेलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाबांना काहीतरी मोठं दुखणं आहे आणि घरातले ते आपल्यापासून लपवतायत, असं वाटून मला दोन रात्री झोप लागली नाही. विचारायची सोय नव्हती, कारण कपाट उघडल्याचं कबूल करावं लागलं असतं. शेवटी आईलाच विचारलं. तिने पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हटलं, "त्यांना काही झालेलं नाही. मोठ्यांच्या गोष्टी आहेत."

सोडा आणायचं काम माझं. कोपऱ्यावरच्या दुकानात गोटी सोड्याच्या जाड हिरवट बाटल्या मिळत. दुकानदार अंगठ्याखालचं लाकडी बूच दाबायचा, फट् आवाज होऊन गोटी गळ्यात अडकायची आणि आतून फेस उसळायचा. घरी न्यायच्या बाटल्या न फोडता मिळत आणि रिकाम्या परत कराव्या लागत. "पाहुण्यांचं पोट बिघडलंय" असं सांगायची मला शिकवण होती. दुकानदार मान डोलवायचा आणि चार बाटल्या द्यायचा. सोडा ही पुण्याची जुनीच आवड. कॅम्पातला अर्देशीरांचा सोडा 1884 पासूनचा, म्हणजे टिळक-आगरकरांच्या काळातला. आमच्या बाबांच्या त्या शनिवारीही सोड्याचीच मात्रा जास्त असायची.

बर्फ मिळवणं हा तर सोहळाच. फ्रिज घरात येण्याआधी गोणपाटात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी आणायची, टॉवेलमध्ये घेऊन बत्त्याने फोडायची. फ्रिज आल्यावर ॲल्युमिनियमचा ट्रे आला. त्याची मधली दांडी ओढली की कर्रकन आवाज होई, आणि त्या एका आवाजाने अख्ख्या घराला कळे की आज मामा आलाय.

पण मला सगळ्यात जास्त आठवतं ते माप. बाबांकडे औषधाचा काचेचा छोटा पेला होता, कडेवर रेषा असलेला. दोघांना प्रत्येकी दोन वेळा त्यातून मोजून, तिसऱ्यांदा नाही. बाटली गुंडाळून आत ठेवण्याआधी ते लेबलाच्या कडेला पेन्सिलीने बारीक रेघ मारत, रम जिथवर उरली तिथवर. एकेका बाटलीवर अशा सहा-सात रेघा होईपर्यंत वर्ष सरे. ती रेघ दुसऱ्या कुणासाठी नव्हती. ते स्वतःवरच लक्ष ठेवत होते.

आणि आई? ती तळलेले शेंगदाणे, कांदाभजी, काकडीच्या चकत्या आत पाठवायची आणि स्वतः स्वयंपाकघरात बसायची. आतून हसण्याचे आवाज यायचे, मामा सीमेवरच्या गोष्टी सांगायचा. तिच्या सख्ख्या भावाच्या गोष्टी, आणि त्या तिला भिंतीपलीकडून ऐकाव्या लागत. ट्रॉली त्या खोलीत कधीच गेली नाही. आईने तिच्यावरून कधी पाण्याचा ग्लाससुद्धा तिकडे नेला नाही.

बैठकीत मात्र दारूच्या बाटलीला मान होता, फक्त ती रिकामी हवी. शोकेसमध्ये आखातातल्या काकांनी दिलेली व्हिस्कीची चौकोनी बाटली होती, तिच्यात मनीप्लँट. शेजारी येरा काचेचे सहा उंच ग्लास, लग्नाच्या आहेरातले, कधीच न वापरलेले. फ्रिजमधल्या पाण्याच्या बाटल्यासुद्धा रमच्याच, लेबल भिजवून खरवडून काढलेल्या. त्या काळी घराघरांतली हीच सजावट होती.

आता माझी ट्रॉली भिंतीशी उभी आहे, दिवसाउजेडी. पण उन्हात नाही. ऊन आणि उष्णता दोन्हींनी मद्याची चव बिघडते, म्हणून ती खिडकीपासून लांब आहे. बाटल्या उभ्याच ठेवते, आडव्या ठेवल्या तर कडक मद्य बुचाला लागून बूच खराब होतं. उंच बाटल्या मागे, बुटक्या पुढे, जड सामान खालच्या फळीवर, म्हणजे ढकलताना ट्रॉली डगमगत नाही. बाटल्यांखाली पितळी परात, कारण गळणारा थेंब सनमायकावर चिकटतो. व्हर्मुथ ट्रॉलीवर नाही, ती मुळात वाइन. एकदा उघडली की जागा फ्रिजमध्ये. शेजारी काचेच्या भांड्यात लिंबं, एक छोटी सुरी, बिटर्सची बाटली आणि 30-60 मिलिलिटरचं स्टीलचं माप.

आणखी एक फरक झालाय आणि तो मला मनापासून आवडतो. बाबांच्या पिढीला 'भारी' म्हणजे परदेशातून आलेली. माझ्या ट्रॉलीवर सगळ्यात अभिमानाच्या बाटल्या इथल्या आहेत. बंगळुरूच्या अमृतने 2004 मध्ये आपली सिंगल माल्ट आधी ग्लासगोत नेऊन विकली. नाशिकच्या सुलाची पहिली वाइन 2000 सालची, आणि आज नाशिकची द्राक्षं म्हटली की बेदाण्याइतकीच वाइनही आठवते. 2017 नंतर गोव्यात बनलेल्या जिन आल्या आणि आपल्या मसाल्यांचा वास बाटलीत आला. आणि फेणी! काजूच्या बोंडांच्या रसाची ही फेणी, जिला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोव्याने वारसा-पेय म्हणून मान दिला. गोव्याची बाटली महाराष्ट्रात आणायला परवाना लागतो, तेवढा नियम मी पाळते. फेणीत कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि वर थंड सोडा घातला की कोकणची आणि गोव्याची सीमा एका ग्लासात पुसली जाते.

लपवणं गेलं हे फार चांगलं झालं. लपवण्याने आमच्या घरात एका मुलीला खोटं बोलायला शिकवलं आणि एका बहिणीला भावाच्या गप्पांबाहेर बसवलं. पण उघडेपणा सगळ्याच घरांना सारखा मानवतो असं मी म्हणणार नाही. आमच्याच वाड्यात एक घर होतं जिथे बाटली मोजली जात नव्हती. त्या घरातली भांडी रात्री अंगणात यायची आणि सकाळी त्या वहिनी खाली मान घालून ती गोळा करायच्या. वर्ध्यात 1975 पासून आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत तर त्यासाठी बायका गावोगाव उभ्या राहिल्या. त्या बायकांना माझी ट्रॉली दाखवून 'बघा, किती छान' असं मला म्हणता येणार नाही. त्यांनी जे भोगलं, त्याचा मान राखूनच ती माझ्या घरात उभी राहू शकते.

म्हणून बाटल्या किती, यापेक्षा मी दोन गोष्टींना जास्त जपते. पहिलं, माप. बाटली उघडली की लेबलाच्या कडेला पेन्सिलीची रेघ. लहान मुलं येणार असली की सगळ्या बाटल्या कपाटात, कुलपात. दुसरं, न पिणाऱ्याचा ग्लास. पूर्वी न पिणाऱ्याला 'तुम्हाला चहा टाकू?' असं विचारून आत पाठवलं जाई. आता ट्रॉलीवरचा पहिला ग्लास मी त्याचाच भरते. आगळ, जिऱ्याची पूड, सैंधव, पुदिन्याचं पान, मोठा बर्फाचा खडा आणि सोडा. मोठा खडा हळू वितळतो, म्हणून चव शेवटच्या घोटापर्यंत टिकते. तेवढीच निगुती, तेवढाच उंच ग्लास, आणि बसायला त्याच गोलात जागा.

शनिवारी मामा आला होता. वय झालंय, तरी पाठ ताठ. बाबा जाऊन बारा वर्षं झाली. मी ट्रॉली ढकलत बैठकीत आणली. नवी चाकं आवाज करत नाहीत, तरी आईने लगेच वर पाहिलं. तिची नजर बाटल्यांवरून फिरली आणि किटलीच्या डागावर थांबली. मग रमच्या बाटलीकडे. तिने चष्मा सारखा केला आणि लेबलाजवळ वाकून बघितलं.

"रेघ मारतेस," ती म्हणाली.

"हो."

ती काही बोलली नाही. वाकून खालच्या फळीवरून तिने येराचा एक उंच ग्लास उचलला, आहेरातल्या सहांपैकी. पदराने पुसला आणि माझ्यासमोर धरला. मी त्यात कोकम आणि सोडा ओतला. मग मापाने मोजून मामाच्या ग्लासात रम.

"हां, आता सांग," आई भावाजवळ सरकून म्हणाली, "ती बर्फातली गोष्ट. मला अर्धीच ऐकू यायची."