आईचा बॉक्स आणि बाबांचं बटण

ताईचा फोन नेहमी रात्री नऊनंतर येतो. त्या दिवशी तो भर दुपारी आला. मी ऑफिसात प्रुफं तपासत होते. काळजात धस्स झालं.

"आई बोलत नाहीये," ताई म्हणाली.

मी खुर्चीवरून उठलेच.

"अगं, तशी बरी आहे. जेवते, पोथी वाचते. पण बोलत नाही. बॉक्स पुन्हा गेला."

बॉक्स म्हणजे टीव्हीचा सेट टॉप बॉक्स. हसण्यासारखीच गोष्ट, पण मला हसू आलं नाही. २०२१ साली बाबा गेले. साताऱ्याच्या घराला कुलूप लागलं. माझं मुंबईतलं घर एका खोलीचं आणि मी दिवसभर बाहेर. म्हणून २०२२ मध्ये आई ताईकडे गेली. भाऊजी हवाई दलात आहेत आणि त्यांची बदली तेव्हा बख्शी का तालाबला झाली होती. लखनौपासून सीतापूर रस्त्याने उत्तरेला वीसेक किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. हवाई दलाचा तळ, आंब्याच्या बागा, नव्याने उठणाऱ्या कॉलन्या आणि ज्याच्यावरून गावाला नाव पडलं तो नवाबी काळातला तलाव. बख्शी म्हणजे फौजेचे पगार वाटणारा अधिकारी. हे मला भाऊजींनी सांगितलं आणि वर म्हणाले, "आता आमचा पगार बँकेत जमा होतो, नाहीतर आम्हीही तलाव बांधला असता!"

गाव छान आहे. पण दिवसभर आईशी मराठीत बोलणारं तिथे कोणी नाही. ताई शाळेत शिकवते, भाऊजी तळावर. नातवंडं गुणी आहेत, पण "आजी, क्या बोल रही हो?" म्हणतात. उरतं सह्याद्री वाहिनीवरचं मराठी. बातम्या, कीर्तन, शेतीचे कार्यक्रम. आईने आयुष्यात शेत केलं नाही, तरी कांद्याला काय भाव मिळाला हे तिला रोज कळायला हवं. संध्याकाळी भाऊजी घरी आले की ती त्यांना महाराष्ट्राची खबर देते आणि त्या निमित्ताने घरात तासभर मराठी बोललं जातं. मोबाइलवर तेच दिसतं, पण तिच्या डोळ्यांना ते झेपत नाही. "हातात आरसा धरल्यासारखं काय बघायचं?" असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांत हा तिसरा बॉक्स गेला होता. पहिला बाबांचा. २०१६ मध्ये साताऱ्यात त्यांनी डीडी फ्री डिशचा बॉक्स घेतला. दूरदर्शनची ही सेवा १६ डिसेंबर २००४ ला डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ वाहिन्यांवर सुरू झाली. एकदा छत्री आणि बॉक्स विकत घेतला की महिन्याचं भाडं नाही. बाबांसारख्या काटकसरी माणसाला हे फार आवडलं होतं. साताऱ्यात तो बॉक्स सहा वर्षं एकदाही न कुरकुरता चालला. आईने तो साडीत गुंडाळून लखनौला नेला आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मान टाकली. नंतर आणलेला नवा अकरा महिने टिकला. त्याच्यानंतरचा त्याहूनही कमी.

"सगळा माल हलका आलाय हल्ली," ताई म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं. पण सहा वर्षं टिकलेला बॉक्स हलका कसा?

२०२४ च्या मे महिन्यात पुष्पक एक्स्प्रेसने मी लखनौला गेले. पाऱ्याने चाळिशी केव्हाच ओलांडली होती. मडियावच्या पुढे रिक्षात तोंडावर येणारी लू म्हणजे कुणीतरी भट्टीचं दार उघडून धरलंय असं वाटत होतं. घरी आई दारातच उभी होती. "आलीस?" एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला वळली. एरवी स्टेशनपासूनचं सगळं विचारते.

दुसऱ्या दिवशी ताईने सीतापूर रस्त्यावरच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला घरी बोलावलं. पन्नाशीचा माणूस, खिशाला टेस्टर. नवा बॉक्स विकायला आला असेल अशी माझी समजूत होती. पण तो आधी बॉक्सकडे न बघता खोलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दीदी, डिब्बे का कसूर नहीं है. आप लोग इसका दम घोंट रहे हैं."

मग मीही त्याच्या नजरेने खोली पाहिली. भिंतीत लाकडी शोकेस, पुढे सरकती काच. खालच्या कप्प्यात इन्व्हर्टर. बरोब्बर त्याच्या वर बॉक्स. आणि बॉक्सवर, चारी बाजूंनी झालर सोडलेला, आईच्या हातचा पांढराशुभ्र क्रोशाचा रुमाल.

मेस्त्रीने बंद पडलेला बॉक्स उघडून दाखवला. आत हिरव्या पट्टीवर छोट्या बॅटरीसारखी दिसणारी नळकांडी असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यातल्या दोघांची डोकी पुरीसारखी फुगली होती. या नळकांड्यांत एक द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकत जातो. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. बाहेर बेचाळीस, बंद शोकेसमध्ये त्याहून जास्त, खालून इन्व्हर्टरची ऊब, आणि हवा जायला ज्या फटी ठेवलेल्या असतात त्यांच्यावर रुमाल. साताऱ्याच्या हवेत सहा वर्षं निघाली, इथे सहा महिने निघाले तरी खूप.

बरं, बॉक्स बंद तरी कुठे होता? रिमोटने बंद केला की लाल दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं, झोपला. तो अर्धवट जागाच असतो. तुमच्या घरचा बॉक्स सकाळी उठल्या उठल्या हाताने चाचपून पाहा. रात्रभर कोणी टीव्ही पाहिलेला नसतो, तरी पुष्कळदा तो कोमट लागतो. म्हणजे दिवसाचे चार तास बघण्यासाठी तो चोवीस तास तापत असतो.

दुसरं दुखणं विजेचं. मला वाटायचं, कमी व्होल्टेजने बॉक्स जळतात. मेस्त्रीने बॉक्सच्या पाठीवरचा छापील आकडा दाखवला. नव्वदपासून दोनशे सत्तर व्होल्टपर्यंत तो चालतो, तेव्हा व्होल्टेज पडण्याचं त्याला फारसं काही नाही. धोका असतो गेलेली वीज परत येते त्या क्षणी. सगळ्या गल्लीतले कूलर, फ्रिज, पंप एकदम सुरू होतात आणि विजेला हिसके बसतात. वीज गेली की भिंतीवरचं बटण बंद करायचं आणि आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून चालू करायचं, एवढंच त्यावर औषध. आमच्या बोर्डावर तर आणखी एक गंमत होती. कूलर, टीव्ही आणि बॉक्स तिन्ही एकाच एक्स्टेंशनवर, तेही ढिल्या सॉकेटचं. कूलरची मोटर बंद केली की तिचा झटका शेजाऱ्याला बसणारच. झटके अडवणारा चांगला बोर्ड मिळतो, पण घराला अर्थिंग नीट नसेल तर त्याचं निम्मं काम वायाच जातं. भाऊजींनी त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावलं. "विमानं सांभाळणाऱ्याच्या घरात ही अवस्था!" असं मी चिडवलं तर म्हणाले, "विमानाला चेकलिस्ट असते हो, घराला कुठे असते?"

मग गच्चीवर गेलो. इथली माकडं छत्रीवर बसून झोके घेतात, म्हणून ताईने तिला काटेरी फांद्या बांधल्या होत्या. माकडांचं बरं चाललं होतं, फांद्या तेवढ्या सुकल्या होत्या. छत्रीच्या तोंडाबद्दल एक सांगायला हवं, कारण बदलीच्या घरांना ते उपयोगी पडेल. फ्री डिशचा उपग्रह, जीसॅट-१५, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. साताऱ्याहून तो आग्नेयेला दिसतो. लखनौ पूर्वेकडे सरकलेलं असल्यामुळे इथून तो बराचसा दक्षिणेला आणि थोडासाच पूर्वेला येतो. २०२२ मध्ये भाऊजींनी साताऱ्याच्या सवयीने छत्री आग्नेयेला लावली आणि एक अख्खा रविवार "सिग्नल नाही" हे वाचण्यात घालवला होता.

छत्रीच्या पुढच्या दांडीवर जो ठोकळा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. त्याला लागणारी वीज बॉक्सकडूनच, त्याच केबलमधून जाते, तेरा किंवा अठरा व्होल्ट. आमच्या केबलचा जोड उघडा होता, तांब्याची तार हिरवी पडलेली. अशा जोडात पाणी शिरलं की तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना भिडतात आणि मार बसतो खाली बॉक्सला. मेस्त्रीने तार कापून नवा जोड लावला, त्याला पाणी न शिरणारी रबरी टेप गुंडाळली आणि केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पावसाचं पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं. हे सगळं करण्याआधी त्याने खाली ओरडून बॉक्सचं बटण बंद करायला सांगितलं. चालू बॉक्सला केबल लावणं-काढणं हा आपल्या सगळ्यांचा आवडता उद्योग, आणि तोच महागात पडतो. विजा चमकायला लागल्या की मात्र बटण आधी बंद करून केबल काढूनच ठेवावी. आणि धो धो पावसात चित्र गेलं तर बॉक्सला दोष देऊ नये. पावसाचे थेंबच लहरी अडवतात, पाऊस ओसरला की चित्र येतं. त्या वेळी घाबरून रिमोटवरून सगळ्या वाहिन्या पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. एक मीच.

खाली आलो तेव्हा आई तिच्या ट्रंकेपाशी बसली होती. मांडीवर साडीत गुंडाळलेला बाबांचा बॉक्स. "हा बघायला सांग त्याला," ती हळूच म्हणाली. तीन वर्षं होत आली होती बाबांना जाऊन. तिने तो टाकला नव्हता हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

मेस्त्रीने उघडला. तेच दुखणं, एकाच कपॅसिटरचं डोकं फुगलेलं. दुकानातून तो पार्ट आणून बदलला, वाहिन्या नव्याने शोधल्या आणि वीस मिनिटांत सह्याद्री लागली. पार्ट आणि मजुरी धरून दोनशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. ज्यांच्या बॉक्सला बाहेर वेगळा अडॅप्टर असतो, त्यांनी तर बॉक्स मोडीत काढण्याआधी तेवढ्याच व्होल्टचा दुसरा अडॅप्टर लावून पाहावा.

आता प्रश्न उरला रुमालाचा. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायच्या आधीचं ते शेवटचं विणकाम. तिने तो बॉक्सला धूळ लागू नये म्हणून घातला होता. तिच्या मायेनेच बॉक्स मारले, हे तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? मी आडून आडून सुरुवात केली. हवा लागायला हवी, फटी मोकळ्या हव्यात, वगैरे. आई ऐकत होती. मध्येच म्हणाली, "म्हणून ते काढायचे होय?"

"कोण?"

"तुझे बाबा. सकाळी टीव्ही लावायच्या आधी रुमाल काढून घडी करून ठेवायचे. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की पुन्हा घालायचे. मला वाटायचं, त्यांना माझं विणकाम आवडत नाही, चारचौघांत दिसायला नको म्हणून काढतात. मी कधी विचारलं नाही."

साताऱ्याच्या घरात "बटण बंद केलंस का?" हा बाबांचा रात्रीचा शेवटचा प्रश्न असायचा. एसटीतल्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा चिक्कूपणा म्हणून आम्ही दोघी बहिणी त्यावर हसायचो. बॉक्सचं आयुष्य त्यातून वाढत होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांना ते कळत होतं की नाही, देव जाणे. पण रुमाल ते रात्री परत घालत होते, हे मात्र खरं.

आता शोकेसची काच काढली आहे. बॉक्स वरच्या मोकळ्या कप्प्यात, इन्व्हर्टरपासून दूर आणि कूलरच्या ओल्या झोताच्या बाहेर आहे. त्या ओलसर हवेने आतले सांधे गंजतात. रात्री बटण बंद होतं. पैसे भरून घेतलेल्या सेवेचा बॉक्स असेल तर तो फार दिवस बंद ठेवू नये, परत लावल्यावर वाहिन्या यायला वेळ लागतो. कार्यक्रम साठवून ठेवणारा असेल तर आधी रिमोटने बंद करून मगच बटण दाबावं. आमच्या बॉक्सला यातलं काही लागू नाही.

मी निघाले त्या रात्री आईने बातम्या पाहिल्या, भाऊजींना नाशिकच्या कांद्याचं सविस्तर सांगितलं. मग स्वतः उठून भिंतीवरचं बटण दाबलं. बॉक्सवर हात ठेवून थोडा वेळ थांबली. निवल्यावर कपाटातून रुमाल काढला, झटकला आणि त्याच्यावर घातला.