कुर्डुवाडीहून नेमबाजीच्या स्पर्धेला निघताना

कुर्डुवाडीच्या फलाटावर घटकाभर उभे राहून पाहा. येथे गावात उतरणाऱ्या माणसापेक्षा गाडी बदलणारा माणूस जास्त दिसेल. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग आणि मिरज-पंढरपूरकडून बार्शी-लातूरकडे जाणारा मार्ग यांची गाठ येथे पडते. आज दोन्हीकडचे रूळ सारख्याच रुंदीचे आहेत. पण तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते बार्शी लाईटच्या छोट्या गाडीच्या गोष्टी सांगत बसतील. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने अडीच फूट रुंदीची ती लाईन उभी केली. 1897 साली ती येथून बार्शीपर्यंत सुरू झाली, आणि त्या काळी या स्टेशनाचे नावच मुळी बार्शी रोड होते. पुढे ती 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. एका गाडीतून उतरायचे, बोजा डोक्यावर घ्यायचा, पोर कडेवर घ्यायचे आणि दुसऱ्या गाडीत जागा धरायची, असा या ठिकाणचा शंभर वर्षांचा शिरस्ता. ज्याचा बोजा एका खेपेत उचलला जाई त्याला जागा मिळे. ज्याला दुसरी खेप मारावी लागे तो उभ्याने पंढरपूर गाठी.

हे सारे आज सांगायचे कारण वेगळे आहे. आपल्या भागातली मुले आता नेमबाजीच्या स्पर्धेला जाऊ लागली आहेत. शाळेत कोणी गुरुजी एअर रायफल हातात देतात, कोणी छात्रसेनेतून या खेळाकडे येतो. जिल्ह्याची स्पर्धा सोलापुरात झाली तर सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येते. पण नाव पुढे गेले आणि पुण्याच्या बालेवाडीला जायचे ठरले की तुमच्या घराची धांदल उडते. माढा, करमाळा, बार्शी, परांडा, कोठूनही निघा, पुष्कळांना कुर्डुवाडी गाठूनच पुढची गाडी धरावी लागते. येथून पुणे सुमारे 185 किलोमीटर. एखादी वस्तू घरी राहिली तर ती आणायला परत येता येत नाही, आणि या खेळातल्या वस्तू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. क्रिकेटच्या पोराला बॅट उसनी मिळते. नेमबाजाला दुसऱ्याची बंदूक अंगाला लागत नाही.

आणि हा खेळ काही बड्या लोकांचाच राहिलेला नाही. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने 50 मीटर रायफलच्या तीन आसनांच्या प्रकारात कांस्यपदक मिळवले. अंतिम फेरीत त्याचे गुण होते 451.4. हा मुलगा कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याने नेमबाजी निवडली आणि 2015 पासून तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. ज्या रेल्वेच्या फलाटावर तुम्ही पोराला घेऊन उभे राहणार, तिचाच हा नोकर. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत हिने 2010 साली म्युनिकला जागतिक विजेतेपद मिळवले होते आणि राही सरनोबत हिने 2018 च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्ण. तेव्हा मुलीने बंदूक धरली म्हणून घरात कुरकुर होत असेल तर ती थांबवा.

आता सामानाकडे वळू.

पहिली ती रायफलची पेटी. आपली मुले बहुधा 10 मीटरच्या एअर रायफलने खेळतात. ही रायफल साडेपाच किलोपर्यंत वजनाची असू शकते, आणि पेटी चार फुटांच्या जवळपास लांब. गोधडीत गुंडाळून किंवा पोत्यात घालून ती नेऊ नका. पेटीत आत स्पंज असतो तो शोभेसाठी नाही. मागचे साईट म्हणजे जिच्यातून नेम पाहतात ती चकती एका धक्क्याने हलते, आणि 10 मीटरवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ज्वारीचा दाणासुद्धा त्याच्यापुढे डोंगर. साईटचे आकडे निघण्यापूर्वी वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे हलले तरी परत जागेवर आणता येतात. पेटीला दोन कुलपे लावा, आणि नळीतून जाणारी ती झगझगीत रंगाची सुरक्षा दोरी घालूनच रायफल पेटीत ठेवा. रेंजवर ती दोरी नसेल तर पोराला आत घेणार नाहीत.

कागदपत्रांची पिशवी वेगळी आणि ती तुमच्या छातीशी. साडेचार मिलिमीटरच्या आणि कमी ताकदीच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. पण ती दिसायला बंदूकच, आणि रेल्वेचा शिपाई काही ज्यूल मोजत बसत नाही. म्हणून खरेदीची पावती, शाळेचे किंवा क्लबचे शिक्का मारलेले पत्र, स्पर्धेच्या प्रवेशाचा कागद, मुलाचे आधार कार्ड आणि जन्मदाखला, साऱ्यांच्या दोन दोन प्रती ठेवाव्यात. पॉइंट टू-टू म्हणजे काडतुसाची रायफल असेल तर गोष्ट निराळी. तिचा परवाना ज्याच्या नावाचा तो माणूस आणि तो परवाना बरोबर हवाच.

हवेची नळकांडी ही सर्वांत जपायची वस्तू. चांगल्या रायफलीत दाबाची हवा भरलेली असते, सुमारे 200 बार. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार असतात, यावरून अंदाज करा. उन्हाळ्यात कुर्डुवाडीच्या उघड्यावर उभ्या केलेल्या जीपमध्ये ती भरून ठेवणे म्हणजे संकटाला आवतण. प्रवासात हवा सोडूनच न्यावी. ती कशी सोडायची हे प्रशिक्षकाकडून मुलानेच शिकून घ्यावे, घरच्या मिस्त्रीने स्क्रू फिरवू नये. नळकांडीवर तयार झाल्याची तारीख कोरलेली असते. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात, ती उलटलेली नळकांडी कोणी स्वस्तात देत असेल तरी घेऊ नका. आणि भरायचा जोड, ज्याला अॅडॅप्टर म्हणतात, तो तुमचाच बरोबर न्या. दर कंपनीचे आटे निराळे. रेंजवर हवा मिळते, पण जोड नसेल तर विहीर भरलेली आणि पोहऱ्याला दोर नाही अशी गत होते. सुरुवातीच्या साध्या, नळी वाकवून भरायच्या रायफलला यातले काहीच लागत नाही, हे तिचे सुख.

छर्रे एका डबीत 500 येतात. पूर्ण सामना 60 गोळ्यांचा, त्याआधी पंधरा मिनिटे तयारीची आणि सरावाच्या गोळ्यांची, मग मोजणीच्या गोळ्यांना 75 मिनिटे. म्हणजे एक डबी पुरते. तरीही ज्या डबीतून सराव केला त्याच जातीची, त्याच मापाची दुसरी डबी न्यावी. 4.49 आणि 4.50 यांत केसाइतका फरक, पण एका गोळीचे जास्तीत जास्त गुण 10.9 आणि निकाल दशांशावर लागतो. छर्रे शिशाचे. डबी पडली की ते चेमटतात, म्हणून कपड्यांच्या घडीत ठेवा. आणि आयांनो, हे ध्यानात ठेवा: छर्रे हाताळलेल्या हाताने भाकरी मोडू देऊ नका. शिसे पोटात जाणे वाईट. साबणाची वडी पेटीतच टाका.

कपड्यांवर थोडे थांबावे लागेल, कारण येथे पैसा जातो आणि येथेच फसगत होते. नेमबाजीचे जॅकेट आणि पँट जाड कॅनव्हास-चामड्याची असते, अंगाला आधार देणारी. पण किती जाड याला नियम आहे. मोठ्या स्पर्धेत आधी सामानाची तपासणी होते आणि कापड 2.5 मिलिमीटरपेक्षा जाड भरले तर बाद. मोठ्या भावाचे किंवा विकत घेतलेले जुने जॅकेट घालणार असाल तर ते गावातच प्रशिक्षकाकडून मोजून घ्या, तपासणीच्या रांगेत नव्हे. जॅकेट घडी घालून बॅगेत कोंबू नका, हँगरवर किंवा गुंडाळून न्या. मोडलेल्या घडीवर ते ढिले पडते. घालण्याची घाई नको. आपल्या हवेत दहा मिनिटांत मूल घामाघूम होते, आणि घामाने ओले झालेले जॅकेट दुसऱ्या दिवशी वेगळेच वागते. आत घालायला पातळ सुती बनियन दोन, सपाट तळव्याचे नेमबाजीचे बूट, हातमोजा, टोपी, एका डोळ्यावरची पट्टी, कानातले बोळे. चष्मा असेल तर दुसरा चष्मा. षटकोनी पान्यांचा जुडगा, छोटा पेचकस, नळी साफ करायचे बोळे, पेन आणि ती वही. एवढे झाले की पेटी व एक बॅग, बस.

पुष्कळ ठिकाणी एका क्लबात रायफल एक आणि पोरे दोन असतात. यात लाजण्यासारखे काही नाही. पण स्पर्धेचा अर्ज भरतानाच क्लबमार्फत लिहून कळवा की या दोघांना एका वेळच्या तुकडीत घालू नये. या तुकडीला तेथे डिटेल म्हणतात. आयत्या वेळी सांगून पंच वेळापत्रक बदलत नाहीत, आणि मग दोन पोरांपैकी एकाने घरी परतायचे, एवढेच उरते. कोणाच्या घरी गाय विकून प्रवेशाचे आणि प्रवासाचे पैसे उभे केलेले असतात. एका चिठ्ठीअभावी ते वाया जाऊ नयेत.

गाडीत बसताना हुतात्मा एक्सप्रेससारखी बसायची जागा राखून ठेवलेली गाडी धरावी. पेटी पायाशी आडवी ठेवून साखळीने बांधा. डब्यात चौकशी होणारच, "बंदूक का? दाखवा की!" दाखवू नका. पेटी गाडीत उघडायची नाही. आणखी एक प्रश्न गावातच येईल, रानडुकरांनी मका उद्ध्वस्त केला आहे, तुमच्या पोराला पाठवा. या रायफलने डुक्कर मरत नाही, नुसते जखमी होईल आणि पोर वनखात्याच्या तावडीत सापडेल. हसून नाही म्हणा.

शिदोरीचे सांगतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही सोलापूरकडची शिदोरी जाताना आणि येताना खुशाल खा. मात्र सामन्याच्या सकाळी तेलकट नको, पोटभर नको. भात-वरण, केळे, थोडा गूळ पुरे. पाणी घरचे न्या, सवयीचे असते. काहींना त्या दिवशी घासच गिळत नाही. कुसाळेनेही पॅरिसला अंतिम फेरीच्या दिवशी नुसता कोरा चहा घेतल्याचे सांगितले होते. तेव्हा "खा रे, उपाशी कसा उभा राहशील" म्हणत मागे लागू नका.

न्यायचे नाही ते म्हणजे जादा माणसे. माझे मत विचाराल तर मुलाबरोबर एकच माणूस हवा, तोही गप्प बसणारा. आत्या, मामा, शेजारचे तात्या असे सारे गेले की मुलाचे मन लक्ष्याकडे राहत नाही. बालेवाडीचे क्रीडानगर 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेले, शहराच्या पार टोकाला मुंबई-बंगळूर महामार्गालगत आहे. पुणे स्टेशनावर उतरल्यावर तेथे पोचायला तासाहून अधिक धरा. आदल्या संध्याकाळीच पोचून रेंज डोळ्यांखालून घालावी. तेथे कागदाऐवजी यांत्रिक लक्ष्य आणि समोर पडदा असतो. ज्याने जिल्ह्याला फक्त कागद पाहिला, त्याला पहिली पाच मिनिटे पडदा वाचण्यातच जातात. पुढे नाव गेलेच तर ग. वा. मावळणकरांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष तेच, आणि 1951 साली निघालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्षही तेच.

सामान भरायचे काम मुलाकडूनच करून घ्या, आदल्या रात्री, सतरंजीवर सारे मांडून. तुम्ही भरलेली वस्तू त्याला रेंजवर सापडत नाही. तुम्ही फक्त यादी वाचा, त्याने वस्तू उचलून दाखवावी.

परतीची गाडी कुर्डुवाडीला पुष्कळदा रात्रीच येते, आणि त्या वेळी करमाळ्याकडे किंवा बार्शीकडे एस.टी. असेलच असे नाही. न्यायला येणाऱ्याला निरोप देताना मोटारसायकल नको म्हणावे, चार फुटांची पेटी आडवी धरून मागे बसता येत नाही. जीप सांगावी किंवा उजाडेपर्यंत स्टेशनावर थांबावे. घरी पोचल्यावर जॅकेट आधी सावलीत हँगरला लावा, मग निकालाचे विचारा.