एका फ्लॉपीत पाच चित्रं

आमच्या पिढीने अणू पाहिले ते रात्री. दिवसा रस्त्यावरून पीएमटीची बस गेली, तरी स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपच्या पडद्यावर भूकंप व्हायचा. म्हणून जेवणं उरकून प्रयोगशाळेत यायचं, पंखा बंद, एसी बंद, बोलणंही दबक्या आवाजात. प्लॅटिनम-इरिडियमची तार पकडीने तिरकी ओढून तोडली की झाली सुई. एक सुई चाले, दुसरी चालत नसे. का, ते कुणालाच सांगता येत नसे. त्यामुळे ज्याच्या हाताला यश, त्यालाच तार तोडायला बसवायचं. मग चित्र ओळीओळीने उमटायचं आणि चहा गार व्हायचा.

आता अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपच्या (एएफएम) सुया कारखान्यातून डबीत येतात, दिसायला सगळ्या सारख्या. यंत्र आपलं आपण नमुन्यापाशी उतरतं, भर दुपारी स्कॅन होतो आणि विद्यार्थी वेळेवर घरी जेवायला जातो. यात वाईट काय, असं कुणी विचारलं तर आमच्यापाशी उत्तर नाही.

512 बाय 512 बिंदूंचं साधं चित्र 256 केबीचं. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत अशी पाच बसत. सहावं ठेवायचं तर पाचांतलं एक पुसायचं, आणि कुठलं पुसायचं यावर कडाक्याचं भांडण व्हायचं. जे वाचलं, ते पावसाळ्यात बुरशी खायची. हार्डडिस्कचा तुकडा मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपखाली ठेवला, की त्यावरचे बिट गडद-फिकट पट्ट्यांसारखे दिसत. त्या शे-दोनशे बिटांचं चित्र साठवायला वीस लाखांवर बिट खर्ची पडत!

आता टेराबाइटची डिस्क खिशात मावते. काहीच पुसावं लागत नाही, म्हणून सगळंच राहतं. सगळंच राहतं, म्हणून पुन्हा उघडून फारसं कुणी पाहत नाही.

चित्रातल्या कणांचं क्षेत्रफळ काढायला आमच्याकडे कात्री होती. फोटोची झेरॉक्स काढायची, एकेक कण कापायचा, रासायनिक तराजूत घालायचा आणि कागदाच्या वजनावरून क्षेत्रफळ काढायचं. झुरिकला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोपचे जनक बिनिग आणि रोरर यांनीही सिलिकॉनच्या पृष्ठभागावरील अणूंच्या 7×7 रचनेचा पहिला उठाव रेकॉर्डरवरच्या आलेखांच्या पट्ट्या एकामागे एक लावूनच उभा केला होता. 1986 चं नोबेल त्यांना मिळालं, आम्हाला बोटाला घट्टे.

आता इमेजजे या प्रोग्रॅममध्ये दोन-चार क्लिक केले, की हजार कणांचा हिस्टोग्राम हजर.

कापता कापता एकेका कणाशी ओळख व्हायची, असं आम्ही अजूनही गहिवरून सांगतो. सांगत नाही ते हे, की कणाची कड कुठे संपते ते कात्री धरणाराच ठरवायचा. आणि फ्लॉपीतल्या पाचांत जागा कुणाला मिळे? सरांच्या सिद्धांताशी जुळणाऱ्या चित्राला. न जुळणारं, ‘सुई खराब होती’ म्हणून पुसलं जाई. आज अनेक नियतकालिकं मूळ डेटा मागतात, त्यामुळे सुईवर खापर फोडणं तितकं सोपं राहिलेलं नाही. विज्ञानाच्या दृष्टीने आजचीच रीत बरी, हे आम्हाला मान्यच करावं लागतं.

तरी नव्या पोरांना एक विनवणी. प्रोग्रॅम लावण्याआधी एक तरी चित्र पाच मिनिटं नुसतं पाहा. प्रोग्रॅम तुम्ही विचारलेलं मोजून देईल. काय विचारायचं राहिलं, ते मात्र तुम्हालाच शोधावं लागेल.