अण्णांच्या फियाटचे टायर

गेल्या महिन्यात वहिनींचा फोन आला. "भाऊजी, गाडी एक तर चालती करा, नाही तर विकून टाका. दारात अशी उभी मला बघवत नाही."

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. जुन्या पनवेलात त्यांचा दवाखाना होता, आणि नेऱ्यापासून शिरढोणपर्यंत रात्री-अपरात्री व्हिजिटला जायची ती ही गाडी. १९८१ ची प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी कागदोपत्री, बोलण्यात ती कायम फियाटच. मी जन्मभर इतिहास शिकवलेला, त्यामुळे थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या आणि १९७४ पासून त्या गाडीला चितोडच्या राणीचं नाव मिळालं. लोकांनी मात्र नाव बदललं नाही ते नाहीच. असो.

अण्णा गेल्यापासून गाडी ताडपत्रीखाली होती. मेकॅनिकने दोन दिवस खटपट केली आणि इंजिन सुरू झालं! वहिनी ओट्यावर उभ्या होत्या, आवाज ऐकून आत निघून गेल्या. मेकॅनिक मला म्हणाला, "काका, इंजिन सोन्यासारखं आहे. पण ह्या टायरवर गाडी गेटबाहेर काढू नका." मी वाकून बघितलं. नक्षी चांगली शिल्लक होती, पण रबराला उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा गेलेल्या.

मला वाटलं, त्यात काय, नवीन टायर आणायचे. टायरवर लिहिलंय ५.२०-१४, तेच द्या म्हणायचं. पहिल्या दुकानात माझ्या हातात चहा देऊन मुलगा म्हणाला, "हा साइज आता येत नाही." दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या दुकानदाराने (नाव सांगत नाही) आतून चार टायर काढून आणले. काळेकुळकुळीत, अगदी ५.२०-१४! किंमतही बेताची. मी हरखलो. पैसे काढता काढता टायरच्या कडेला बारीक अक्षरांत १९१२ दिसलं. माझ्या मनात आलं, १९१२? म्हणजे टायटॅनिक बुडालं ते साल! कंपनीचं स्थापनावर्ष असेल बहुधा, असं समजून मी सोडून दिलं. सुदैवाने खिशात पैसे पुरेसे नव्हते.

संध्याकाळी एका माजी विद्यार्थ्याला फोन केला. त्याचं टायरचंच काम आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि सनावळ्यांत हमखास नापास. तो फोनवर इतका हसला की मला कळेना. "सर, ते साल नाही. १९ वा आठवडा, २०१२! टायर कधी बनला त्याची तारीख असते ती." म्हणजे न वापरलेले पण बारा वर्षांहून जुने टायर मी गाडीला लावणार होतो, आणि त्यावर वहिनींना बसवून पेणला, त्यांच्या माहेरी नेणार होतो. कपाटात ठेवलं तरी रबर म्हातारं होतंच, वरून काळा पॉलिश मारला की झालं. सन २००० च्या आधी ह्या शिक्क्यात तीनच आकडे असायचे. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे इथे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला आणि मला शिकवणी दिली. जुन्या पद्धतीत ५.२० म्हणजे टायरची रुंदी, इंचात. १४ म्हणजे रिमचा व्यास, तोही इंचात. टायरच्या गालाची उंची लिहायचीच नाहीत, कारण ती रुंदीच्या जवळपासच असायची. नव्या पद्धतीत १६५/८० आर १४ असं लिहितात. १६५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे रुंदीच्या ऐंशी टक्के उंची, आर म्हणजे रेडियल आणि १४ पुन्हा इंचच! एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. आमच्या शाळेत असा पेपर कुणी काढला असता तर पालक भांडायला आले असते.

इकडे पुतण्याला न्यू जर्सीत बातमी लागली होती. रात्री व्हिडिओ कॉल. "काका, १५ इंची अलॉय व्हील टाकू, त्यावर १८५/६० चे टायर. एकदम मस्त दिसेल. खर्च माझा." वडिलांच्या गाडीसाठी मुलगा पैसे देतोय, त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं बघतो.

वहिनींनी मात्र वेगळाच पेच टाकला. अण्णांच्या डायऱ्या त्यांनी जपून ठेवल्यात. प्रत्येक खेपेची तारीख, गाव, मीटरचा आकडा, पेट्रोल किती लिटर. त्या म्हणाल्या, "काय बसवायचं ते बसवा, पण ह्यांचा हिशेब चुकायला नको." मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं की मीटर किलोमीटर मोजत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. चाकाचा घेर बदलला की तोच मीटर खोटं बोलायला लागतो.

मग मी डिकीतली स्टेपनी काढली. कधीच न वापरलेली, म्हणजे झिजलेली नाही. हवा भरली, तिच्यावर खडूने खूण केली (खडू अजून घरात असतात!) आणि अंगणात पाच वेढे सरळ रेषेत फिरवली. नऊ मीटर एकसष्ट सेंटिमीटर. भागिले पाच, घेर १९२ सेंटिमीटर आणि वर थोडा. शेजारच्या मुलांना वाटलं आजोबांना काही झालंय.

आता गणित. सध्या कुठेही मिळणारा १७५/६५ आर १४ घेतला तर घेर १८३ भरतो. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी पंचाण्णवच चाललेली असेल. शिवाय तो रुंद, त्याला निदान पाच इंच रुंद रिम लागते. आमची रिम आतून, कडांच्या मधलं अंतर धरून मोजली, ती चार इंचांच्या आसपासच भरली. तो बाद. पुतण्याच्या १८५/६० आर १५ चा घेर निघाला १८९, म्हणजे फरक दीड टक्काच. पोराचं गणित चुकलेलं नव्हतं, हे मी त्याला कळवलंही. पण त्या टायरचा गाल १११ मिलिमीटरचा, जुन्याचा त्याहून बराच उंच. आपल्या गोवा हायवेचे खड्डे ज्यांनी खाल्लेत त्यांना त्या दोन सेंटिमीटरची किंमत सांगायला नको. आणि ह्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. इतका रुंद टायर उभ्या गाडीत वळवायचा तर माझे खांदे जायचे.

राहिला १६५/८० आर १४. सुझुकीच्या स्विफ्ट-डिझायरच्या साध्या मॉडेलना हा यायचा, त्यामुळे मिळायला सोपा. १६५ चे ऐंशी टक्के १३२ मिलिमीटर, आणि गंमत म्हणजे ५.२० इंच म्हणजेही १३२ मिलिमीटर. जुन्याची रुंदी ती नव्याची उंची! घेर १९४ च्या थोडा वर. शंभर किलोमीटरला सव्वा किलोमीटरची चूक. वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढं तर ते पेट्रोलमध्ये सोडून द्यायचे."

बसवण्याआधी विद्यार्थ्याने एकच टायर पुढे लावून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायला लावलं, मडगार्डला किंवा आत कुठे घासतो का. नाही घासला. मागेही माणसं बसवून बघितलं. जुन्या रिम ट्यूबवाल्या टायरसाठीच बनलेल्या, म्हणून आत ट्यूब टाकली. मी चारच घेणार होतो, पण त्याने पाचवा घ्यायला लावला. तीन चाकं रेडियल आणि एक जुन्या क्रॉसप्लायची स्टेपनी असं मिश्रण ब्रेक लावताना गाडी भलतीकडे ओढतं म्हणे. "सर, सनावळीत मी नापास झालो असेन, ह्यात नाही," असं म्हणाला. आणि शिक्क्यावरचे आकडे त्याने मला मोठ्याने वाचायला लावले, पाचही टायरांचे. मी वाचले.

अलॉयचं पुतण्याला समजावताना नियमही कामी आला. २०२१ च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांची, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आमची २०३१ मध्ये पन्नाशीला येईल. तोवर मी असलो तर! तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "रिमला निदान रंग तरी द्या." चंदेरी रंगाचे पैसे त्यानेच पाठवले.

परवा पेणला जाऊन आलो. पळस्पे फाटा, कर्नाळा, खारपाड्याचा पूल. वहिनी पुढे बसल्या होत्या, अण्णांची डायरी मांडीवर. स्टिअरिंग हळू वेगात पूर्वीपेक्षा जरा जड लागतं, पण गाडी सरळ रेषेत छान धावते, पूर्वीसारखी प्रत्येक चाकोरीमागे जात नाही. निघताना आणि पोचल्यावर वहिनींनी मीटरचा आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिला. गावाच्या रकान्यात "पेण", आणि पेशंटच्या नावाच्या रकान्यात माझं नाव!

ती जुनी स्टेपनी ओट्याखाली ठेवली आहे. माझ्या एका ब्लॉगमित्राने ती शोभेला मागितली होती. वहिनींना विचारलं, त्या नाही म्हणाल्या.