उत्तरमेरूरची भिंत

कांचीचीं देवळें पाहून झाल्यावर आमच्या मंडळींपैकीं कोणासच आणखी एखादें देऊळ पाहण्याची हौस उरली नव्हती. परंतु आमचे वडीलबंधु दादा यांनीं उत्तरमेरूरचें नांव कोठेंसें वाचलें होतें, आणि त्यांनीं एकदां मनांत घेतलें म्हणजे तें मोडण्याची आमच्या घरांत कोणाची छाती नाहीं. तेव्हां दुसरे दिवशीं सकाळीं दादा, वहिनी, मावशी व आम्ही असे मोटारीनें निघालों. गांव कांचीपुरम् जिल्ह्यांतच आहे. वाटेवर भाताचीं खाचरें आणि मधून मधून पाण्यानें भरलेलीं विस्तीर्ण तळीं लागतात.

वैकुंठ पेरुमाळाचें देऊळ दिसण्यांत अगदीं साधें. कांचीचीं गोपुरें पाहून निवलेल्या डोळ्यांस येथें कांहींच नाहीं असें वाटावें. खरी दौलत आहे ती भिंतींवर. पहिला परांतक चोळ राज्यावर असतांना, इ. स. ९१९ व ९२१ सालीं, येथील महासभेनें आपल्या निवडणुकीचे नियम ठरविले व ते दगडावर कोरवून ठेवले. लिपि तामिळ, आम्हांस अर्थातच अक्षरही लागेना. सुदैवानें गांवांतील एक वृद्ध शिक्षक भेटले व त्यांनीं बोट ठेवून सारें समजावून दिलें.

हा गांव त्या काळीं चतुर्वेदिमंगलम्, म्हणजे ब्राह्मणांचा अग्रहार होता. त्याच्या तीस पेठा. प्रत्येक पेठेंतील पात्र माणसांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून त्यांची जुडी बांधीत व तीसही जुड्या एका घागरींत घालीत. लहानथोर सारी सभा जमली म्हणजे वयानें सर्वांत वडील असलेला पुजारी ती घागर सर्वांस दिसेल अशी वर उचलून धरी. मग आंत काय आहे हें ठाऊक नसलेल्या एखाद्या पोराकडून एक जुडी काढवीत, ती दुसऱ्या घागरींत सोडून हालवीत, व त्याच पोराच्या हातून एक चिठ्ठी निघे. ती घेणाऱ्या मध्यस्थानें पांचही बोटें पसरून तळहातावर घ्यावी असा दंडक होता! बोटांच्या बेचक्यांतून काय काय निसटूं शकतें याचा अनुभव त्या मंडळींस चांगलाच असला पाहिजे. निघालेल्या तिसांपैकीं बाराजण वार्षिक समितीवर, बारा बागांकडे व सहा तळ्याकडे जात. मुदत ३६० दिवसांची. अपराध सिद्ध झाल्यास तत्काळ दूर.

पात्रतेच्या अटी कडक होत्या. सारा भरणारी पाव वेलीहून अधिक जमीन, स्वतःच्या जागेवर बांधलेलें घर, व वेदाचें ज्ञान. जमीन अर्ध-पाव वेली असली तरी चाले, पण मग एक वेद व एक भाष्य पढलेलें हवें. वयाची मर्यादा आरंभीं तीस ते साठ होती. दोनच वर्षांनीं ती पस्तीस ते सत्तर केली.

“आणि ज्याला जमीनच नाहीं तो? आणि बायका?” मावशींनीं विचारलें. मावशी राखीव जागेवरून पांच वर्षें ग्रामपंचायतींत होत्या, तेव्हां प्रश्न सहज आलेला नव्हता. शिक्षक हंसून म्हणाले, “त्यांच्यासाठीं या भिंतीवर एकही ओळ नाहीं.” उत्तरमेरूरचा गौरव करणारे वक्ते ही गोष्ट बहुधा गाळतात. ज्यांच्या राबण्यावर तो सारा भरला जाई, त्यांचें नांव कोणत्याच घागरींत पडत नव्हतें. घटनेच्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें १९९३ पासून स्त्रियांस पंचायतींत एक तृतीयांश जागा मिळाल्या, व महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या, तेव्हां कोठें आमच्या मावशींची चिठ्ठी निघाली.

यापुढचें कलम मात्र आम्हां सर्वांस चांगलेंच झोंबलें. समितीवर राहून ज्यानें हिशेब दिला नाहीं, तो पुन्हां निवडीस अपात्र. आणि एकटा तोच नव्हे! शिक्षक बोटें मोजूं लागले: त्याचे बाप, मुलगे, भाऊ, काका, मामा, मावसभाऊ, आतेभाऊ, सासरा, मेहुणे, भाचे, जांवई...

आमच्या कुलदैवताच्या देवस्थानाचा कारभार दादांकडे आहे. त्यांतली एक पैही त्यांनीं इकडची तिकडे केलेली नाहीं, हें आम्ही शपथेवर सांगूं. परंतु भाऊबंदांपुढें वह्या ठेवल्यास बरींच वर्षें झालीं. दादांस तो आपल्यावरील अविश्वास वाटतो, आणि आम्हांस मागण्याचा संकोच. त्या भिंतीपुढें उभे असतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, या नियमानें दादांबरोबर आम्हीही बाद, वहिनींचे बंधु बाद, आणि गेल्या वर्षींच घरांत आलेला जांवईसुद्धां बाद. कोणी कोणाकडे पाहिलें नाहीं. दादांनीं शिक्षकांस तेवढें कलम पुन्हां एकदां वाचावयास सांगितलें.

परततांना मोटारींत ते फारसें बोलले नाहींत. रात्रीं बिऱ्हाडीं आल्यावर त्यांनीं घरीं फोन लावला, व कपाटाच्या खालच्या खणांतील तांबड्या वह्या काढून ठेव, असें चिरंजीवांस सांगितलें. किती सालच्या, असें त्यानें विचारलें असावें, कारण थोडें थांबून दादा म्हणाले, “सगळ्याच.”