फळा पुसण्याचा अधिकार

1851 साली एका पारशी नियतकालिकात छापलेल्या चित्रावरून मुंबईत पारशी आणि मुसलमान यांच्यात दंगल उसळली; आणि पुढे सहाच वर्षांनी, उत्तरेत उठावाचा वणवा पेटला त्याच 1857 साली, ह्याच शहरात बॅक बेच्या वाळूवर विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी आठवड्यामागून आठवडे धर्मावर जाहीर वाद घालीत होते. जकात खात्यातील नोकरी सोडून विरक्त झालेले विष्णुबावा एका बाजूस, परधर्माचे खंडन हेच ज्यांचे व्रत असे पाद्री दुसऱ्या बाजूस, आणि भोवती ऐकणाऱ्यांची दाटी. एकाच नगरीतील हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहिले, म्हणजे विषय नाजूक आहे एवढ्यावरून तो वर्ज्य ठरवणे किती उथळपणाचे आहे, हे ध्यानात येते. समोरच्याला उत्तर देण्यास जागा आहे की नाही, हाच तेथे खरा भेद असतो.

ह्या वादाची हकिकत पुढे 'समुद्रकिनारीचा वादविवाद' म्हणून ग्रंथरूपास आली, आणि तिचे इंग्रजी पुस्तक जॉर्ज बोवेन ह्या मिशनऱ्याने वाद झाला त्याच वर्षी सिद्ध केले. वादातील एका पक्षाचा मनुष्य हाच संपादक! सभेचे इतिवृत्त ज्याच्या हाती, त्याच्या हाती उद्याची स्मृती असते. म्हणून अशा पुरुषाची कसोटी माझ्या मते एकच, की प्रतिपक्षाचे म्हणणे त्याने अशा शब्दांत नोंदवावे, जे वाचून प्रतिपक्षानेही 'होय, मी हेच म्हणालो' अशी कबुली द्यावी. स्वतःच्या मताला सिंहासन आणि दुसऱ्याच्या मताला पायरी देणारा संपादक कितीही विद्वान असला तरी त्याला न्यायी म्हणता येत नाही.

भाऊ महाजनांनी 1841 साली मुंबईत सुरू केलेल्या 'प्रभाकर' पत्राने हा न्याय निराळ्या रीतीने पाळला. 1848 पासून त्यात 'लोकहितवादी' ह्या टोपणनावाने जी शंभरावर पत्रे आली, त्यांनी स्वजातीच्या अभिमानाला जबर धक्के दिले. लेखक गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकर, तेव्हा नाव झाकणे त्यांना सोयीचे. परंतु लेखक पडद्याआड राहिला, की त्याच्या शब्दांची जबाबदारी छापणाऱ्याच्या शिरावर येते, आणि ती घेण्याची छाती असेल त्यानेच टोपणनावाला आश्रय द्यावा.

हे सारे मला आठवते ते आमच्या गिरगावातील चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यामुळे. पाण्याची वेळ, निधनवार्ता, गणपतीची वर्गणी, ह्यांच्यासाठी असलेल्या त्या फळ्यावर, पुनर्विकासाचा तंटा ऐन भरात असताना, रात्रीतून कोणीतरी एका कमिटी सभासदाचे नाव खोली क्रमांकासह लिहून त्याने बिल्डरकडून पैसे खाल्ल्याचा आरोप केला. चिटणीस नाना स्वतः पुनर्विकासाच्या बाजूचे. ओला बोळा फिरवला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण त्यांनी प्रथम नुसत्या नावावर आणि खोली क्रमांकावर खळीने कागद डकवला, लिहिणाऱ्याने पुढे यावे असा निरोप धाडला, त्याच्याकडे पुरावा आणि सभासदाकडे कैफियत मागितली. पुरावा मिळाला नाही. तेव्हा आरोपाची ओळ पुसली गेली. मात्र तिच्याखालचे 'जमाखर्च दाखवा' हे शब्द नानांनी तसेच राहू दिले, आणि काय पुसले, का पुसले, हे तारखेनिशी वहीत लिहून खाली सही केली. ती वही कोणीही मागावी आणि पाहावी. अब्रूवरचा घाला आणि हिशेबाची मागणी ही एकाच खडूने, एकाच रागाने लिहिलेली असली, तरी त्यांची जात एक नव्हे, एवढा विवेक ज्याच्यापाशी आहे त्यालाच बोळा शोभतो. नानांना विरोध करणारेही त्या दिवसानंतर फळ्याकडे विश्वासाने पाहू लागले, आणि पुढच्या आठवड्यात खरोखरच जमाखर्च तेथे लागला.

आता फळ्याचे काम चाळीच्या व्हॉट्सअॅप गटाकडे गेले आहे. तेथे हरकत घेणारा इसम रात्री गटात असतो आणि सकाळी नसतो. कोणत्या कलमाखाली, कोणाच्या हुकुमाने, दाद कोठे मागावी, कशाचाच खुलासा नाही. उलट, तळमजल्यावरच्या एका वृद्ध विधवेने भाड्याच्या पावतीविषयी साधी शंका विचारली, तेव्हा तिच्या अशुद्ध लेखनाची जी टवाळी चालली ती थांबवण्यास कोणीही पुढे झाले नाही, आणि त्या बाई पुन्हा काही लिहीनाशा झाल्या. स्वातंत्र्याच्या नावाखाली टवाळखोरांना मोकळे रान दिले, तर ज्यांचा आवाज मुळात क्षीण त्यांचीच हकालपट्टी होते, आणि तिची नोंद तर कोणत्याच वहीत होत नाही. मला ही हकालपट्टी पहिलीहून अधिक जाचते.

म्हणून मी वार्षिक सभेपुढे ठराव मांडला आहे: नियम आधी लिहून सर्वांस कळवावेत, कोणास काढण्यापूर्वी त्याची कैफियत घ्यावी, आणि गटप्रमुखाच्या निर्णयाविरुद्ध तीन पंचांकडे दाद मागता यावी, ज्यांत एक स्त्री असेल आणि एक पुनर्विकासाचा विरोधक असेल. शेवटच्या कलमावर बराच गहजब झाला आणि सभा तहकूब करावी लागली. पण ते कलम मागे घेण्याची माझी तयारी नाही.